बों जेझू बासिलिका लाल का दिसते, आणि जुने गोवे ओस का पडलं?

२१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचा शवप्रदर्शन सोहळा झाला. दर दहा वर्षांनी हा सोहळा येतो आणि त्याच्या मागोमाग एक जुना वादही येतो. एरवी हा देह जिथे असतो त्या बों जेझू बासिलिकेच्या (मानाच्या मोठ्या चर्चच्या) भिंतींना गिलावा करायचा की त्या आहेत तशा लालच ठेवायच्या? एकीकडे छपराच्या गळतीची आणि झिजलेल्या दगडांची तक्रार, दुसरीकडे 'पोस्टकार्डावरची लाल बासिलिका' पुसली जाईल अशी हळहळ. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. एवढाल्या इगर्जी (चर्च) इथे उभ्या आहेत, मग त्यांत जाणारी माणसं राहत कुठे होती? रस्ते, घरं, बाजार काहीच दिसत नाही. दिसतात त्या माडांच्या बागा आणि हिरवळ.

दोन्ही प्रश्नांची मुळं बरीचशी एकाच गोष्टीत आहेत: जांभा दगड.

आधी दगड समजून घेऊ

गोव्यात, कोकणात आणि मलबारात उष्ण हवा आणि मुबलक पाऊस लाखो वर्षं खडकावर काम करत राहिले. खडकातले विरघळणारे घटक पाण्याबरोबर वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. लोहामुळे रंग तांबडा. जे घटक निघून गेले त्यांच्या जागी भोकं आणि नळ्या राहिल्या, आणि त्यांतल्या कितीतरी मऊ मातीने भरलेल्या आहेत. हाच जांभा. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की पूर्वी कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे तासत. उघड्यावर वाळला की कडक होतो. बांधकामाला याहून सोयीचा दगड मिळणं कठीण. हाताशी आहे, स्वस्त आहे, छिन्नी-हातोड्याचा फारसा खटाटोप नाही.

'हवेत कडक होतो' हे निम्मंच खरं आहे. कडक होतो तो लोहाचा सांगाडा. भोकांतली माती मऊच राहते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उघड्या चिऱ्यावर हा पाऊस आपटला की माती धुऊन निघते, भोकं रुंदावतात, दोन भोकांमधली भिंत पातळ होते आणि एखाद्या वर्षी पापुद्रा सुटतो. ओल आत शिरते, ऑक्टोबरच्या उन्हात सुकते, पुन्हा शिरते. ओलीबरोबर क्षार येतात. पाणी उडून गेलं की ते पृष्ठभागाच्या आत स्फटिक होऊन बसतात आणि दगडाला आतून ढकलतात. वर शेवाळ धरतं, शेवाळावर नेचे येतात आणि सांध्यात पिंपळाचं रोप रुजतं.

म्हणून गोव्यात जांभ्याची महत्त्वाची इमारत उघडी ठेवायची पद्धत नव्हती. तिला चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी असे. जुन्या गोव्यातल्या इगर्जी पांढऱ्या आहेत त्या नुसत्या शोभेसाठी नाहीत. तो पांढरा थर म्हणजे झिजण्यासाठीच दिलेलं कातडं. दगडाऐवजी ते झिजतं आणि ते बदलता येतं.

चुना नेमकं काय करतो?

किनाऱ्यालगत चुनखडीच्या खाणी नाहीत, पण शिंपल्या-कालवांना तोटा नाही. शिंपल्या भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजल्या की त्यांतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी घातलं की तो खदखदतो, उकळतो आणि विरतो. विरलेला चुना खड्ड्यात पाण्याखाली निदान काही आठवडे मुरवावा लागतो. इथे घाई केली तर न विरलेले खडे गिलाव्यात जातात, भिंतीवर गेल्यावर विरतात आणि तिथे फोड येऊन चकत्या उडतात. मुरलेला चुना वाळूबरोबर दगडी चाकाच्या घाणीवर मळतात. प्रमाण साधारण एकास दोन ते तीन. त्यात गुळाचं पाणी किंवा तशीच स्थानिक भर घालतात.

भिंतीवर तो एका दणक्यात जाड थापायचा नसतो. दोन-तीन पातळ थर, प्रत्येक थर जेमतेम सेंटिमीटरभर, आणि खालचा ताठल्याशिवाय वरचा नाही. चुना वाळून घट्ट होत नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. त्यासाठी त्याला थोडी ओल लागते. म्हणून नव्या गिलाव्यावर पहिले आठ-पंधरा दिवस पाणी शिंपडतात आणि कडक ऊन लागू नये म्हणून गोणपाट सोडतात. पावसात हे काम होत नाही आणि एप्रिलच्या उन्हातही बिघडतं. म्हणजे वर्षातले ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढेच महिने खरे कामाचे. फेस्तही (चर्चचे सण) नेमकी याच दिवसांत असतात. सायबाचं, म्हणजे झेवियरचं, फेस्त ३ डिसेंबरला.

मग बासिलिका लाल कशी झाली?

बों जेझूचा पाया २४ नोव्हेंबर १५९४ रोजी घातला गेला आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी तिचं पवित्रीकरण केलं. त्यानंतर जवळजवळ साडेतीनशे वर्षं ती पांढरी होती. जुन्या छायाचित्रांत ती तशी दिसतेही.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्तुगालहून बाल्ताझार काश्त्रु हे वास्तुरचनाकार इथे आले. पोर्तुगालमधल्या राष्ट्रीय स्मारकांच्या दुरुस्तीचं काम त्यांच्या खात्याकडे होतं. त्या काळच्या तिकडच्या समजुतीनुसार गिलावा उतरवून आतला दगड दाखवला की इमारत अधिक पुरातन, अधिक 'खरी' वाटे. उत्तर पोर्तुगालातल्या ग्रॅनाइटच्या इगर्जींना ते सोसलं, कारण ग्रॅनाइट पाऊस पीत नाही. तेच सूत्र जांभ्याला लावलं आणि बासिलिकेची साल निघाली. त्याच वर्षांत सेंट कॅथरीनचं कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर (१९५२), आणि नदीकाठची व्हाइसरॉयची कमान (१९५४) नव्याने उभी राहिली.

हे सगळं पुस्तकात वाचण्यापेक्षा जागेवर पाहावं. बासिलिकेचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणजे मोसमी पावसाचा मारा थेट दर्शनी भागावर येतो. तिथे दोन प्रकारचे दगड शेजारीशेजारी आहेत. खांब, कमानीच्या चौकटी, माथ्यावरची 'आयएचएस' ही जेझुइटांची (झेवियरच्या ख्रिस्ती धर्मसंघाची) अक्षरं आणि भोवतीचं नक्षीकाम वसईहून आणलेल्या काळ्या बेसॉल्टचं आहे. त्याच्या कडा चारशे वर्षांनंतरही धारदार आहेत. मधला जांभा फक्त सत्तरेक वर्षं उघडा आहे, आणि त्याच्या खाचा बोटाला लागतात. वादाचा निकाल दोन दगडांच्या त्या सांध्यावरच लागतो, असं माझं मत.

'सत्तर वर्षं टिकली की! आणि लालच छान दिसते'

छान दिसते, यात वाद नाही. पण दिसणं आणि टिकणं यांत निवड करायची वेळ आली तर चिऱ्याची बाजू घ्यावी लागेल. 'आमच्या कुंपणाची भिंतही जांभ्याची उघडीच आहे, काही होत नाही' असंही म्हटलं जातं. कुंपणावर छपराचं वजन नसतं, आणि दोन चिरे खराब झाले तर दुपारी गवंडी येऊन बदलून जातो. इथे मात्र १५९४ नंतर रचलेला प्रत्येक चिरा मूळ आहे. तो बदलला की जपायची वस्तूच गेली.

एक आक्षेप जास्त वजनदार आहे: लाल बासिलिका हाही आता इतिहासच. १९८६ साली युनेस्कोने 'गोव्यातील चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स' जागतिक वारसा यादीत घेतले तेव्हा ती लालच होती. दोन पिढ्यांच्या आठवणीत ती लालच आहे. या म्हणण्याला उत्तर देताना सौम्य असावं. तरीही, झालेला हस्तक्षेप जुना झाला म्हणून त्याने होणारी झीज थांबत नाही.

'मग सिमेंट मारून टाका ना एकदाचं!'

हा उपाय आजारापेक्षा वाईट. जाड जांभ्याच्या भिंतीत जमिनीतून आणि छपरातून थोडी ओल नेहमीच असते. चुन्याचा थर सुती सदऱ्यासारखा, ती बाहेर सोडतो. सिमेंट म्हणजे अंगावर चढवलेला रेनकोट. ओल आत कोंडते, क्षार सिमेंटच्या मागे साठतात, आणि काही वर्षांत सिमेंटची अखंड पाटी निखळते ती चिऱ्याचा दर्शनी भाग सोबत घेऊनच. शिवाय सिमेंट जांभ्यापेक्षा ताठ असल्याने भिंत उन्हात जराशी हलली तरी फट पडते आणि त्या फटीतून पाणी आत जातं, बाहेर येत नाही. पाणी अडवणारे पारदर्शक लेप मारले तरी साधारण हीच गत होते.

चुन्याचा गिलावा करायचा तर त्याआधीची कामं जास्त महत्त्वाची आहेत. आधी छप्पर: फुटके नळे, कुजलेले वासे, तुंबलेल्या पन्हळी. गळणाऱ्या छपराखाली भिंतीला गिलावा करणं म्हणजे पैसे पाण्यात. मग सांध्यातली झाडं मुळासकट काढायची. नुसती कापली तर ती जोमाने फुटतात. मग क्षार उतरवणं, आणि भिंतीला सुकायला किमान एक कोरडा हंगाम देणं. त्यानंतर मागच्या बाजूला, लोकांच्या नजरेआड, थोड्या भागावर नमुना करून दोन पावसाळे पाहायचा. आणि पुढे दरवर्षी पावसाळ्यानंतर सफेदी. गिलाव्यात खर्च फार नाही, खरा प्रश्न या 'दरवर्षी'चा आहे. सरकारी कामाला एकदाच मोठी निविदा काढणं जमतं, दर ऑक्टोबरला चार गवंडी पाठवणं जमत नाही.

आता दुसरा प्रश्न: शहर कुठे गेलं?

मांडवीकाठचं हे बंदर पोर्तुगीजांच्या आधी आदिलशाहीचं होतं. त्याही आधीची कदंबांची राजधानी झुआरीकाठी, आजच्या गोवा-वेल्हा गावाच्या परिसरात होती. नावं सारखी असल्याने पर्यटक चुकून तिकडे जातात, तेव्हा बसमध्ये 'ओल्ड गोवा' असं सांगावं. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोंसु द आल्बुकेर्कने शहर घेतलं आणि १५३० पासून ते पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या सगळ्या कारभाराची राजधानी झालं. १५८० च्या दशकात इथे राहिलेल्या लिंशोटेन या डच माणसाच्या नकाशात दाट वस्तीची घरं आणि रुआ दिरेता हा मुख्य रस्ता दिसतो. त्या रस्त्यावर रोज सकाळी लिलाव चालत. घोडे, मसाले, कापड आणि माणसंही विकली जात.

अशी दाट वस्ती जांभ्याच्या टेकड्यांवर आणि त्यांच्या पायथ्याशी बसली, इथेच घात झाला. जांभ्यावर पडलेलं पाणी भोकांतून सरळ खाली उतरतं. खाली चिकण मातीचा थर लागला की ते आडवं वाहू लागतं आणि विहिरीत किंवा झऱ्यातून बाहेर येतं. वाळूत पाणी कणाकणातून झिरपताना गाळलं जातं. जांभ्याच्या नळ्यांतून ते न गाळताच धावतं. घराच्या मागे शौचाचा खड्डा आणि अंगणात विहीर असली की दोघांचं पाणी एकच. पावसाळ्यात भूजल वर आलं की हे अंतर आणखी कमी होतं. आज भारतीय मानकानुसार शोषखड्डा आणि पिण्याच्या विहिरीत किमान १८ मीटर अंतर हवं. सोळाव्या शतकातल्या दाटीवाटीत ते कुठून असणार?

१५४३ साली शहरात कॉलऱ्याची मोठी साथ आली. लोक तिला मोडशी म्हणत. वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात या रोगाचं वर्णन केलं आहे. ज्यांना परवडे ते शहराबाहेरच्या झऱ्याचं पाणी विकत घेत. गुलाम ते मडक्यांतून आणत. रोगाचं कारण ठाऊक नव्हतं, दोष 'वाईट हवे'ला दिला जाई. लोक हटले की मोकळी घरं, तुंबलेली गटारं आणि तळी उरत, तिथे डास वाढत आणि कॉलऱ्याच्या जोडीला हिवताप येई. त्यामुळे आणखी लोक निघून जात. हे चक्र दीडशे-दोनशे वर्षं फिरत राहिलं.

'पण शहर मराठ्यांमुळे किंवा इन्क्विझिशनमुळे पडलं ना?'

दोन्हीचा वाटा आहे, पण लोक समजतात तसा नाही. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचं सैन्य मांडवीतल्या जुवें बेटावर उतरलं आणि तिथला किल्ला घेतला. राजधानी हाकेच्या अंतरावर होती. घाबरलेल्या व्हाइसरॉय आल्वोरच्या काउंटने झेवियरची शवपेटी उघडवून आपला राजदंड त्याच्या हाती ठेवला, ही घटना प्रसिद्ध आहे. मोगल फौज पाठीवर आल्याने महाराज परतले आणि शहर वाचलं. पण या बंदराला आता संरक्षण नाही हे पोर्तुगीजांना पक्कं कळलं. राजधानी मुरगावला हलवायचा घाट त्यानंतरचाच. तो पुरा झाला नाही.

इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० साली आलं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. त्याच्या भीतीने गोव्यातून माणसं परागंदा झाली. मात्र खुद्द शहर रिकामं होण्याचा वेग साथींचा आणि बुडत्या व्यापाराचा होता. विजयनगर १५६५ मध्ये पडल्याने घोड्यांचं मोठं गिऱ्हाईक गेलं. १६२२ ला होर्मुझ, १६४१ ला मलाक्का, १६६३ ला कोची हातची गेली आणि मधल्या काळात डच जहाजांनी मांडवीचं तोंड वारंवार अडवलं. तिजोरी आटली तेव्हा कोसळलेलं घर पुन्हा कोण बांधणार?

व्हाइसरॉय आधी जवळच्या पानेलीला राहायला गेले, मग १७५९ मध्ये पणजीला, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात. १७७० च्या दशकात लिस्बनहून पोर्तुगालचा प्रधान मार्क्विस पोंबाल याने जुनं शहर पुन्हा उभारायचा हुकूम सोडला, पण बांधकामावरची माणसंच तापाने मरू लागली आणि काम थांबलं. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली.

आणि घरं? तासलेला चिरा पुन्हा वापरता येतो. पडक्या वाड्यांचे चिरे आणि तुळया पणजीच्या नव्या बांधकामाला गेल्या. आदिलशाही वाडा, ज्यात पुढे इन्क्विझिशन बसलं, तोही असाच नाहीसा झाला. सेंट कायतानच्या इगर्जीजवळ एका जुन्या प्रासादाची बेसॉल्टची चौकट तेवढी उभी आहे. ज्या सेंट पॉल कॉलेजात १५५६ साली भारतातला पहिला छापखाना सुरू झाला, त्याची आज फक्त दर्शनी कमान शिल्लक आहे.

मग इगर्जी कशा वाचल्या? सगळ्या नाही वाचल्या

मोंति सांतु टेकडीवरचा सेंट ऑगस्टीनचा मनोरा पाहिला की देखभाल थांबल्यावर काय होतं ते कळतं. १६०२ साली पुरी झालेली ही इगर्ज बों जेझूच्याच पिढीतली, त्याच जांभ्याची. १८३४-३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केले, ऑगस्टिनी पाद्री गेले आणि इमारत बेवारस झाली. छपराचे नळे फुटले, पाणी मधल्या कमानछतात मुरलं, भिजलेला जांभा जड झाला आणि सांध्यातला चुना विरघळला. १८४२ मध्ये छत कोसळलं, म्हणजे दुर्लक्षाला सात-आठ पावसाळे पुरले. छत हे भिंतींना बांधून ठेवणारं असतं, ते गेल्यावर भिंती एकट्या पडल्या. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. उरलेला मनोरा अजून सुमारे ४६ मीटर उंच आहे. याच अवशेषांत उत्खननात सापडलेलं हाड जॉर्जियाच्या राणी केतेवानचं असल्याचं हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या डीएनए चाचण्यांनी दाखवलं, आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिलं.

से कॅथेड्रल आर्चबिशपचं स्वतःचं, त्यामुळे त्याला वाली राहिला. तरी त्याचाही एक मनोरा १७७६ साली कोसळलाच. बों जेझूचे जेझुइट तर १७५९ मध्येच हाकलले गेले होते, पण आत सायब होता. त्याचं दर्शन घ्यायला लोक येत राहिले आणि छपराकडे कुणाचं ना कुणाचं लक्ष राहिलं.

पाहायला जाताना

पणजीहून सुमारे दहा किलोमीटर. रायबंदरच्या बाजूने या. पणजी-रायबंदर हा तीनेक किलोमीटरचा बांधही १६३०च्या दशकातला आहे. कोकण रेल्वेने आलात तर करमळी स्टेशन जवळचं. बहुतेक गाड्या थेट बासिलिकेसमोर थांबतात आणि लोक तिथूनच परततात. उलट क्रम जास्त समजतो. दिवाडीच्या फेरीधक्क्यापासून सुरुवात करा, कारण शहरात येणारा प्रत्येक व्हाइसरॉय नदीकडूनच येई. व्हाइसरॉयच्या कमानीतून वर चढा, डावीकडे सेंट कायतान आणि त्याच्या बाजूची ती चौकट पाहा. मग से कॅथेड्रल, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी (१६६१ च्या पुनर्बांधणीतही तिथला जुना मानुएली (सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्तुगीज शैलीचा) दरवाजा जपला आहे) आणि रस्ता ओलांडून बों जेझू. आत इटलीतल्या तोस्कानाचा शासक तिसरा कोझिमो याने भेट दिलेलं, १६९८ मध्ये बसवलेलं संगमरवरी स्मारक आहे आणि त्यावर गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेली चांदीची पेटी. बाहेर येऊन उत्तरेच्या बाजूचे आधाराचे टेकू जरूर पाहा.

शेवटी मोंति सांतु चढा. ऑगस्टीनच्या पुढे रोझरीची इगर्ज आहे, १५४० च्या दशकातली, तिथून मांडवी पूर्ण दिसते. या टप्प्यावर पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, रबरी तळव्याचे बूट घाला. अवशेषांच्या भिंतींवर चढू नका, त्यांतले चिरे सैल आहेत. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असावेत, कारण यांतल्या कितीतरी इगर्जींत आजही मिसा (प्रार्थनाविधी) होते. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.